स्नेक आइजपासून सुरुवात करा: जी. आय. जोच्या नवख्या संग्राहकासाठी

जी. आय. जो या अमेरिकन खेळण्यातल्या सैनिकांच्या नादाला नव्याने लागलेला माणूस बहुतेक वेळा यादी घेऊनच येतो. १९८२पासूनच्या फिगर्सची, म्हणजे सांधे हलणाऱ्या बाहुल्यांची यादी, गाड्यांची यादी, शत्रूपक्षातल्या कोब्राच्या सैनिकांची यादी. काही महिन्यांत कपाटात वीसेक बाहुले उभे राहतात. त्यातल्या निम्म्यांची नावं धड आठवत नाहीत, खिसा हलका झालेला असतो आणि तोवर उत्साहही ओसरलेला असतो. म्हणून माझा सल्ला उलटा आहे. एकच सैनिक धरा. त्याचं कार्ड वाचा, त्याची कॉमिक्स वाचा, मग त्याची एक फिगर घ्या, ती उघडून दुरुस्त करायला शिका आणि त्यानंतरच दुसऱ्याकडे बघा.

तो एक सैनिक स्नेक आइज असावा, असं मला वाटतं. काळा पोशाख, झाकलेला चेहरा, तोंडातून शब्द नाही. लोकप्रिय आहे म्हणून त्याच्यापासून सुरुवात करा असं मी म्हणत नाही. उलट लोकप्रिय असल्यामुळे तो महागच पडतो. पण या खेळण्यांमध्ये प्लास्टिक, कार्ड आणि कॉमिक या तिन्हींतून मिळून पात्र कसं उभं राहतं, हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसऱ्या कुणात दिसत नाही.

आधी नावाचा घोळ मिटवा

‘यातला जी. आय. जो कोणता?’ हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो. हॅस्ब्रो कंपनीने १९६४मध्ये जी. आय. जो बाजारात आणला तेव्हा तो साधारण फूटभर उंचीचा, कापडी गणवेश घातलेला सैनिक होता. गालावर व्रण होता, सांधे हलायचे आणि गणवेश बदलता यायचे. ती मालिका पुढे थंडावली. १९८२मध्ये हॅस्ब्रोने ते नाव पुन्हा काढलं, पण यावेळी ते एका माणसाचं नाव नव्हतं, तर एका खास तुकडीचं होतं. फिगरची उंची पावणेचार इंचांवर आली. स्टार वॉर्सच्या फिगर्सनी तेच माप मुलांच्या हाती रुळवलं होतं. तुकडीतल्या प्रत्येकाला सांकेतिक नाव आणि कामगिरी मिळाली. समोर शत्रू म्हणून कोब्रा ही संघटना उभी राहिली. या शत्रूची कल्पना खेळण्यांच्या कंपनीची नव्हती, मार्व्हल कॉमिक्सच्या बैठकीतून आर्ची गुडविन यांनी ती पुढे केली.

त्यामुळे जुन्या मालाच्या जाहिरातीत नुसतं ‘जी. आय. जो’ एवढंच लिहिलेलं असेल तर पहिला प्रश्न उंचीचा विचारा. पावणेचार इंच, सहा इंच आणि बारा इंच या तीन वेगळ्या दुनिया आहेत. एकीच्या बंदुका दुसरीच्या हातात बसत नाहीत.

कार्ड वाचा, मग प्लास्टिक बघा

१९८२च्या पहिल्या खेपेत कार्डावर लावून विकलेले नऊ जो होते: ब्रेकर, फ्लॅश, ग्रंट, रॉक अँड रोल, स्कार्लेट, शॉर्ट-फ्यूज, स्नेक आइज, स्टॉकर आणि झॅप. या सगळ्यांत स्नेक आइजवर खर्च सर्वांत कमी झाला होता. फिगर्सची रचना रॉन रूडॅट यांची. रंगकामाचा खर्च आवाक्यात ठेवायचा होता, तेव्हा एक फिगर नुसत्या काळ्या प्लास्टिकमध्ये काढून रंग वाचवायचा असं ठरलं. चेहऱ्याला रंग नाही, पट्ट्यांना नाही, बुटांनाही नाही. म्हणजे कारखान्याच्या हिशेबात हा तुकडीतला सगळ्यात स्वस्त गडी.

आता त्याच्या कार्डाची मागची बाजू पाहा. तिथे छापलेली माहितीची चौकट म्हणजे फाइल कार्ड. मुलांनी तुटक रेषेवरून कापून ती जपून ठेवावी, अशी कल्पना होती. हा मजकूर लॅरी हामा लिहायचे. व्हिएतनामच्या काळात ते स्वतः अमेरिकन लष्करात होते आणि कॉमिक लिहिताना पात्रांचा गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येकाची टिपणं काढत होते. हॅस्ब्रोने ती पाहिली आणि थेट पाकिटावर घेतली. स्नेक आइजच्या फाइल कार्डात खऱ्या नावाच्या जागी ‘गोपनीय’, जन्मस्थळाच्या जागी ‘गोपनीय’. मूळ काम पायदळ, दुय्यम काम हातघाईच्या लढाईचं प्रशिक्षण. निःशस्त्र लढण्याच्या १२ पद्धती त्याला येतात, असंही तिथे नोंदवलेलं आहे. रंग वाचवलेल्या बाहुल्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं, तर हामांनी न दाखवणं हाच त्याचा स्वभाव केला. मला विचाराल तर या सगळ्या मालिकेतलं सगळ्यात हुशार काम हेच.

नवख्याने यातून एक सवय लावून घ्यावी. फिगर हातात घेण्याआधी तिचं फाइल कार्ड वाचायचं. नेटवर जवळजवळ सगळ्यांच्या कार्डांचे फोटो सापडतात. पाच ओळी वाचून त्या माणसाबद्दल कुतूहल वाटलं नाही, तर ती फिगर सध्या राहू द्या.

कापलेलं फाइल कार्ड जुन्या बाजारात वेगळं विकलं जातं. शिवाय पाकिटावर ‘फ्लॅग पॉइंट’ छापलेले असत. ते कापून टपालाने पाठवले की खास फिगर्स मिळत. म्हणून जुनी कार्डं अनेकदा खिडक्या पाडल्यासारखी दिसतात. प्रदर्शनात मांडायला ती चालतात, पण त्यांचे पैसे अखंड कार्डाइतके देऊ नका.

कॉमिक्स कोणती आणि कोणत्या क्रमाने

मार्व्हलची जी. आय. जो मालिका जून १९८२च्या अंकाने सुरू झाली आणि १९९४मध्ये १५५व्या अंकावर थांबली. जवळजवळ सगळं लेखन हामांचं. स्नेक आइज पहिल्या अंकापासून आहे, पण त्याच्यासाठी पहिल्या अंकापासून वाचत बसायची गरज नाही.

सुरुवात २१व्या अंकाने करा. मार्च १९८४चा हा अंक, नाव ‘सायलेंट इंटरल्यूड’. अख्ख्या अंकात एकही संवाद नाही, निवेदन नाही, ‘धडाम’सारखे आवाजाचे शब्दसुद्धा नाहीत. स्टॉर्म शॅडो हा पांढऱ्या वेशातला निंजा स्कार्लेटला पकडून कोब्राच्या गढीत आणतो आणि तिला सोडवायला स्नेक आइज एकटा जातो. गंमत अशी की स्कार्लेट तोवर आपल्या बेड्या स्वतःच सोडवून मोकळी झालेली असते. सुटकेची वाट बघत बसणारी बाई हामांनी काढलेलीच नाही. शेवटच्या पानावर मात्र थांबा. झटापटीत बाही फाटते आणि दोन्ही शत्रूंच्या हातावर एकच गोंदण दिसतं. एक शब्द न लिहिता पुढच्या काही वर्षांची कथा तिथे मांडून ठेवली आहे. इंग्रजी वाचायचा कंटाळा असलेल्या घरातल्या मुलालाही हा अंक देता येतो, ही त्याची जादाची सोय.

मग लगेच २६ आणि २७. यात त्या गोंदणाचा उलगडा होतो. व्हिएतनाममध्ये शत्रूच्या मुलखात खोलवर टेहळणी करणारी एक तुकडी होती. तिच्यात स्टॉकर होता, स्नेक आइज होता आणि टॉमी नावाचा जवान होता. हा टॉमी म्हणजेच पुढचा स्टॉर्म शॅडो. युद्धावरून परतल्यावर स्नेक आइजला कळतं, की त्याचं कुटुंब मोटार अपघातात गेलं. जगात दुसरं कुणी उरलं नाही म्हणून तो टॉमीच्या घराण्याकडे जपानला जातो आणि अराशिकागे घराण्याची निंजा विद्या शिकतो. तिथे गुरूचा खून होतो, संशय टॉमीवर येतो आणि मैत्री तुटते. आवाज कसा गेला, तेही याच अंकांत येतं. एका मोहिमेत हेलिकॉप्टर पेटतं, स्कार्लेटचा पट्टा अडकतो. तिला सोडवायला तो मागे थांबतो आणि स्फोट त्याच्या तोंडावर होतो. चेहरा आणि आवाज दोन्ही जातात. मुखवटा आणि मौन हा त्याचा ‘स्टाइल’चा भाग नाही, युद्धातली जखम आहे, हे इथे कळतं. त्यानंतर फिगरकडे बघण्याची नजर बदलते.

या तीन अंकांनी पकड घेतली तर पुढे ९४ ते ९६ ही स्नेक आइजची तीन अंकी कथा वाचा. कोब्राच्या बाजूच्या बॅरोनेसचा त्याच्यावर एवढा राग का, ते तिथे समजतं. मग थेट १५५. मालिकेचा तो शेवटचा अंक स्नेक आइजने एका तरुणाला लिहिलेलं पत्र आहे. सैन्यात जायचं की नाही, हा त्या तरुणापुढचा प्रश्न. खेळणी खपवायला काढलेल्या कॉमिकचा शेवट असा होईल, असं कुणाच्या मनात आलं नसेल. युद्धाबद्दल इतकं सरळ बोलणारं पान या मालिकेत तरी दुसरं नाही.

मालिका तिथे कायमची संपली नाही. आयडीडब्ल्यू प्रकाशनाने २०१०मध्ये तीच गोष्ट हामांकडूनच पुढे लिहून घ्यायला सुरुवात केली आणि ३००व्या अंकापर्यंत नेली. २०२३पासून स्कायबाउंडने ३०१पासून धागा उचलला. आयडीडब्ल्यूच्या काळात स्नेक आइज मरतो आणि त्याचं नाव दुसरा माणूस घेतो. ते वाचायला घाई नको. मूळ गडी आधी ओळखीचा होऊ द्या.

पडद्यावरचा स्नेक आइज

इथे फार रेंगाळू नका. १९८३च्या कार्टूनमधल्या पहिल्या कथेत त्याला बरा वाव आहे. किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत तो इतरांना वाचवण्यासाठी मागे राहतो आणि पुढे त्याला टिंबर नावाचा लांडगा भेटतो. त्यानंतर मात्र कार्टूनला बोलणारी माणसं लागायची. मग मुक्याला कोण विचारतो? २००९ आणि २०१३च्या चित्रपटांत रे पार्कने त्याचं काम केलं. हालचाली उत्तम, पण पहिल्या चित्रपटातल्या मुखवट्यावर चक्क ओठ कोरले होते. ते कुणाला सुचलं, देव जाणे. २०२१च्या चित्रपटात तो हेन्री गोल्डिंगच्या रूपात येतो, बराच काळ मुखवट्याशिवाय वावरतो आणि बोलतोही. तो वेगळाच माणूस समजून बघितला तर त्रास कमी होतो.

कोणती फिगर घ्यायची

आता पाकीट उघडायची वेळ. नवख्यासमोर साधारण चार वाटा असतात.

पहिली वाट १९८२ची मूळ फिगर. तिच्यात दोन प्रकार आहेत आणि विक्रेते ते सर्रास मिसळतात. १९८२च्या खेपेतल्या हाताला दंडापाशी फिरकी नाही, हात खांद्यातून आणि कोपरातून हलतो एवढंच. याला ‘स्ट्रेट आर्म’ म्हणतात. १९८३मध्ये हॅस्ब्रोने दंडात फिरणारा सांधा दिला, त्यामुळे बंदूक दोन्ही हातांत धरता येऊ लागली. तीच फिगर या नव्या हातांनी पुन्हा निघाली. ओळखायला सोपं आहे: कोपराच्या वर दंडाभोवती गोल खाच दिसली की ती नंतरची. स्ट्रेट आर्म दुर्मीळ, म्हणून किंमत जास्त. सोबत बोटाच्या पेराएवढी उझी बंदूक आणि स्फोटकांची छोटी पिशवी असायची. ही पिशवीच सगळ्यात आधी हरवते. नवख्याला १९८३चे हात पुरेसे आहेत. शिवाय हा प्रकार रंगाविना आहे, म्हणजे जुन्या फिगरचं एरवीचं मोठं दुखणं, रंग उडणं, इथे नाहीच.

दुसरी वाट १९८५ची. डोळ्यांवर आडव्या पट्ट्यांचं कवच, छातीवर पट्टा, पाठीवर पिशवी, तलवार, उझी आणि शेजारी टिंबर. आज ‘स्नेक आइज’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो हा. मला एकच ठेवायचा असता तर हाच ठेवला असता. पण टिंबर आणि तलवार यांसकट पूर्ण संच मागणाऱ्यांची रांग मोठी आहे. लांडगा नंतर मिळवू म्हणून नुसती फिगर घेणं नवख्याला परवडतं. फक्त तेव्हा पूर्ण संचाची किंमत मोजू नका.

तिसरी वाट नव्या मालाची. २००७मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त निघालेल्या मालिकेत जुनीच रूपं पावणेचार इंचांत, पण नव्या सांध्यांनी आली. २०२०पासूनची क्लासिफाइड सीरिज सहा इंची आहे. घोटे, मनगटं, मान सगळं वळतं. नुसतं टेबलावर उभं करून पवित्रे देत बसायचं असेल तर क्लासिफाइडच घ्या. जुन्या फिगर्सची नाटकं करत बसावं लागत नाही.

चौथी वाट आपल्या घरची. एमआरएफने उभी केलेली फनस्कूल ही कंपनी १९८७ची, तिचा कारखाना गोव्यात. हॅस्ब्रोशी असलेल्या करारातून तिने जी. आय. जो भारतात बनवले. नव्वदच्या दशकात मराठी घरांतल्या मुलांच्या हाती आलेले जो बहुतेक याच कंपनीचे. साचे हॅस्ब्रोचे, पण प्लास्टिकचा आणि रंगाचा छटाफरक बराच. अमेरिकेत साचा बंद झाल्यावरही काही पात्रं इथे निघत राहिली, म्हणून तिकडचे संग्राहकही भारतातून फनस्कूलचा माल मागवू लागले. अमेरिकन फोटोशी रंग जुळत नाही म्हणून भारतीय फिगरला कुणी बनावट म्हणत असेल, तर तो माहीतगार नाही. आणि उलट, ‘फनस्कूल आहे’ एवढ्या एका वाक्यावर कुणी अवाच्या सवा किंमत सांगत असेल, तर त्याच्याकडे कार्डाचा फोटो मागा. मावशीच्या माळ्यावर, मोठ्या भावाच्या जुन्या ट्रंकेत आधी शोधा. तिथला माल फुकट असतो.

बाहेर शोधायचं तर फेसबुकवरचे भारतीय संग्राहकांचे गट सगळ्यात कामाचे. पुण्यातला जुना बाजार किंवा मुंबईतला चोर बाजार इथे कधीमधी सुट्या फिगर्स पत्र्याच्या डब्यात सापडतात, पण त्यांच्या भरवशावर संग्रह होत नाही. परदेशातून मागवत असाल तर शुल्काचा हिशेब आधी करा. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३मध्ये ७०वर. ऑर्डरच्या दिवशी कोणता दर लागू आहे ते बघा आणि कुरिअर कंपनीला त्यांची हाताळणीची रक्कमही विचारा. फिगर स्वस्त आणि दारात पोचेपर्यंत महाग, हे इथे नेहमीचं आहे.

पैसे देण्याआधी काय तपासायचं

फोटो चार मागा: पुढून, मागून, दोन्ही हातांचे अंगठे जवळून आणि कमरेचा खालचा भाग जवळून. देणारा कुरकुरला तर पुढे जा.

अंगठे पहिले बघायचे. पोरं जाड मुठीची बंदूक जोराने दाबून बसवतात आणि अंगठा मोडतो. काळ्या प्लास्टिकवर मोडलेला अंगठा फोटोत सहज लपतो, म्हणून फिकट कागदावर हात ठेवून फोटो मागायचा. दुसरी जागा दोन पायांच्या मधली. कमरेचा तुकडा तिथे निमुळता होतो. पाय दोन्ही बाजूंना ताणले की तो तुकडा तडकतो. ही मोड चिकटवून टिकत नाही, कारण पाय हलला की ताण तिथेच येतो. तिसरी जागा कोपर. तिथल्या रिव्हेटच्या, म्हणजे सांधा धरणाऱ्या धातूच्या खिळीच्या दाबाने प्लास्टिकला केसाएवढी चीर जाते. चीर असली तरी फिगर टिकते, पण किंमत पाडून मागायला ते कारण पुरेसं आहे.

मागे कमरेखाली कोरलेला मजकूर वाचा. तिथला सन हा त्या साच्याच्या स्वामित्वहक्काचा असतो, फिगर बनल्याचा नव्हे. साचा वर्षानुवर्षं वापरात राहतो. १९८३मध्ये विकलेल्या फिगरवर १९८२ दिसलं तर ती फसवणूक नाही. फसवणूक वेगळ्या जागी असते. जुन्या साच्यांच्या नकलांवरून नवा माल काढणारे लोक आहेत, त्याला संग्राहक ‘फॅक्टरी कस्टम’ किंवा सरळ बूटलेग म्हणतात. प्लास्टिक कोरं, सांधे घट्ट, किंमत बरी आणि हॅस्ब्रोचा शिक्का गायब. खेळायला घेत असाल तर खुशाल घ्या, पण जुनी म्हणून नको.

बंदुका आणि तलवारी यांच्या नकलाही भरपूर मिळतात. त्यात वाईट काही नाही, विक्रेत्याने तसं सांगायला हवं इतकंच. ‘उझी मूळची आहे का नव्याने बनवलेली?’ हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

ओ-रिंग बदलायला शिका

१९८२च्या मालिकेची सगळी करामत एका काळ्या रबरी कड्यात आहे. धड आणि पाय यांना जोडणारं हे कडं म्हणजे ओ-रिंग. रबर सुकतं, तडकतं आणि एके दिवशी फिगरचे दोन तुकडे होतात. विक्रेता अशी फिगर ‘तुटलेली’ म्हणून स्वस्तात काढतो. दुरुस्ती येत असेल तर याच फिगर्स आपल्या.

एका पांढऱ्या ताटात काम करा. आतले भाग लहान असतात आणि फरशीवर पडले की फर्निचरखाली जातात. पाठीवर एक स्क्रू दिसेल. त्याच्या खाचेत नेमका बसणारा लहान फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर घ्या. सैल बसणाऱ्याने खाच झिजते आणि मग काम अडतं. स्क्रू काढून पाठीचा अर्धा भाग हळूच उचला. आता आतली रचना दिसते. खांद्यांच्या गोल चकत्या आपापल्या खोबणीत, वर मान, मध्ये स्क्रूचा पोकळ खांब. या खांबाला रबराचं वरचं टोक अडकलेलं असतं. खालचं टोक कमरेच्या तुकड्यातून जाऊन धातूच्या आकड्यात असतं आणि तो आकडा दोन मांड्यांना धरून ठेवतो. रबर तुटलं असेल तर हा आकडा आधी शोधा. तो हरवला तर बाकी सगळं असून उपयोग नाही. आणि काही हलवण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.

जुन्या रबराचे तुकडे चिमट्याने काढा. गंजाचे कण असतील तर कोरड्या ब्रशने झाडा. नवी ओ-रिंग संग्राहकांसाठी विकणाऱ्यांकडे मिळते. नाहीतर जुनी रिंग घेऊन नळाचं सामान विकणाऱ्या हार्डवेअरच्या दुकानात जा आणि व्यास आणि जाडी दोन्ही जुळवून आणा. जाड रिंग घातली तर पाय दगडासारखे घट्ट होतात आणि कमरेच्या त्या नाजूक टोकावर सतत ताण राहतो. पातळ घातली तर गडी उभाच राहत नाही, कमरेतून लुळा पडतो.

बसवायचा क्रम खालून वर. रिंग आकड्यात अडकवा, आकड्याची आडवी दांडी दोन्ही मांड्यांच्या खाचांत बसवा. आता रिंग कमरेच्या भोकातून वर काढायची, आणि इथेच बोटं हरतात. शिवणकामाचा मजबूत दोरा दुहेरी करून रिंगमधून ओवा, दोऱ्याची दोन्ही टोकं कमरेच्या तुकड्यातून वर घ्या आणि ओढा. रिंग वर आली की ताणून खांबावर चढवा. मग दोऱ्याचं एक टोक सोडून दुसरं ओढलं की दोरा निघून येतो. हात खोबणीत ठेवा, डोकं जागेवर ठेवा, पाठ लावा आणि दोन बोटांत चिमटून धरा.

स्क्रू आवळताना हात आखडता ठेवा. दोन अर्धे भाग मिळाले आणि मधली फट गेली की थांबा. अजून अर्धा फेरा द्यायचा मोह होतो, त्या अर्ध्या फेऱ्यात खांद्यापाशी प्लास्टिक चिरतं. हात फिरवून बघा, कंबर वळवून बघा, पाय पुढे-मागे करून बघा. १९८२च्या फिगरचं डोकं फक्त डावी-उजवीकडे वळतं, वर-खाली होत नाही. ते खराब झालं म्हणून उघडत बसू नका. मानेत गोटीचा सांधा १९८५पासून आला.

पहिला प्रयोग स्नेक आइजवर करू नका. डब्यातला एखादा अर्धवट, हात मोडका गडी घ्या आणि त्याच्यावर हात बसवा.

ठेवायचं कसं आणि पुढे कोण

बंदूक हातात कायमची ठेवून देऊ नका, अंगठ्यावर ताण राहतो. बसवायची असेल तेव्हा हात मिनिटभर कोमट पाण्यात धरला की प्लास्टिक थोडं मऊ होतं. नंतर पाणी नीट टिपून घ्या, कारण आतला स्क्रू आणि आकडा दोन्ही गंजतात. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. फनस्कूलची कार्डं दमट हवेत वाकतात आणि बुरशी धरतात, ती आम्लविरहित प्लास्टिकच्या पाकिटात उभी ठेवा. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर बंदुका आणि पिशव्या कुलपात.

स्नेक आइज जमला की पुढची खरेदी स्टॉर्म शॅडो, १९८४चा. कथा त्या दोघांची आहे आणि शेल्फवरही ते जोडीनेच शोभतात. मात्र त्याचे नियम उलटे आहेत. काळ्या प्लास्टिकवर जे लपतं ते पांढऱ्यावर सगळं दिसतं, आणि जुनं पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. विक्रेत्याला दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढायला सांगा. पिवळेपणा सगळीकडे सारखा आहे की धड पांढरं आणि हात पिवळे असे तुकडे जोडलेले आहेत, हे त्या एका फोटोत कळतं. हात वेगळ्या रंगाचे दिसले तर ते दुसऱ्या फिगरचे असू शकतात. किंमत त्यानुसार बोला.